शेजारच्या शाळेत, सगळ्यांच्या वर्गात: दिव्यांग मुलांसाठी सरकारी मदत कुठे आणि कशी मागायची? (ठाणे-नवी मुंबई)

कासारवडवली_आई

शाळा नुकत्याच सुरू झाल्यात आणि आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुन्हा तेच निरोप फिरायला लागलेत. "शॅडो टीचर (मुलाच्या शेजारी बसणारा मदतनीस शिक्षक) आणा, नाहीतर मुलाला काही दिवस घरी ठेवा." "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही." "विशेष शाळेत विचारून बघा." या निरोपांना पालकांना नीट उत्तर देता यावं म्हणून हा धागा काढते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. मुलाला वर्गात टिकायला जी मदत लागते ती शाळेने उभी करायची आहे, पालकाने खिशातून नाही. कायद्यात ते लिहिलेलं आहे आणि सरकारी योजनेत त्यासाठी पैसे आणि माणसं ठेवलेली आहेत, कमी असली तरी. पण मदत आपणहून दारात येत नाही. लेखी मागावी लागते, आणि मागणारे आपण फार थोडे आहोत.

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिझम) आहे, आता दुसरीत गेला. पहिलीला इथल्या एका खाजगी शाळेने त्याला घेतलं ते शॅडो टीचरचा पगार आम्ही द्यायचा या अटीवर. वर्षभर दिला. ती मुलगी कष्टाळू होती, त्याच्यावर माया करायची, पण विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण तिला नव्हतं. आणि ती बाजूला बसायला लागल्यावर वर्गशिक्षिकेने त्याच्याकडे बघणंच सोडलं. त्याची वही ती मुलगीच तपासणार, त्याला शू लागली की तीच नेणार, मुलांना त्याला काही विचारायचं असेल तर मुलं तिलाच विचारणार. वर्ष संपलं तेव्हा वर्गातल्या एकाही मुलाशी त्याची मैत्री झालेली नव्हती.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात नव्याने आल्या. कलम ३१ म्हणतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती आपली, मुख्याध्यापकांची नाही. कलम १६ मध्ये प्रवेशात भेदभाव नको, इमारत आणि स्वच्छतागृह वापरता येण्यासारखं हवं, मुलाच्या गरजेप्रमाणे रास्त बदल करायचे, एकेका मुलाला लागेल तसा आधार द्यायचा, असं सगळं आहे. ते सरकारने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या सर्व संस्थांबद्दल आहे. म्हणजे विनाअनुदानित शाळाही त्यात येतात, कारण मान्यता त्यांनाही सरकारचीच असते.

शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत.

तुम्हाला कुठे, काय, कसं मिळालं ते लिहा. शाळांची नावं नकोत, भांडणाचा धागा करायचा नाही.

फिरती_शिक्षिका

ताई, फार गरजेचा धागा. मी समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेत विशेष शिक्षिका आहे, जिल्ह्याचं नाव ठाणे एवढंच पुरे. थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी मुख्याध्यापकांना विचारा की तुमच्या मुलाची यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, दिव्यांग विद्यार्थी म्हणून नोंद झाली आहे का. आमच्या हातात जी यादी पडते ती तिथून येते. नोंद नसेल तर त्या शाळेत असं मूल आहे हेच वरपर्यंत कळत नाही. मग ना शिक्षक येतो, ना साहित्य. काही शाळा पालकांना वाईट वाटेल म्हणून नोंद टाळतात, काही पालक स्वतःच नको म्हणतात. मी त्यांच्या घरी बसून समजावलेलं आहे की ही नोंद मुलाच्या दाखल्यावर शिक्का म्हणून येत नाही.

ज्यांचं निदानच झालेलं नाही त्यांच्यासाठी 'प्रशस्त' नावाची एनसीईआरटीची तपासणी सूची आहे, मोबाईल अ‍ॅपवर. वर्गशिक्षकाने ती भरायची असते. एकवीसही प्रकारांची लक्षणं त्यात आहेत. ती निदान नाही, पण पुढे कुणाला दाखवायचं हे त्यातून कळतं.

पैशांचं स्पष्ट सांगते, कारण याबद्दल गैरसमज खूप आहेत. समग्र शिक्षेत दर दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, पहिली ते बारावी. ती रक्कम पालकाच्या हातात पडत नाही. साहाय्यक साधनं, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरातली पुस्तकं, थेरपी, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता हे त्यातून भागवायचं असतं. मुलींना त्याशिवाय महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता, दहा महिने, बँक खात्यात. साडेतीन हजारात वर्षाची थेरपी होत नाही हे मला रोज दिसतं. पण आधार कार्डाला खातं जोडलेलं नाही म्हणून दोन हजार रुपये एका मुलीचे अडकून पडतात तेव्हा मला जास्त त्रास होतो, कारण तेवढ्यात तिची वर्षभराची रिक्षा काही अंशी तरी निघाली असती.

हे पैसे आणि आम्ही शिक्षक, दोन्ही सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहोत. विनाअनुदानित शाळेत भत्ता मिळत नाही. तिथे कलम १६ ची जबाबदारी शाळेने स्वतः पार पाडायची आहे, तिचा खर्च पालकावर टाकून नाही.

आता माणसांचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायला सांगितलं. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने प्रमाण जाहीर केलं: प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. आपल्या राज्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये ४,८६० विशेष शिक्षक पदांचा निर्णय घेतला, दर केंद्राला (म्हणजे शाळांच्या समूहाला) एक. वर्षानुवर्षं कंत्राटावर काढलेल्या आमच्यासारख्यांना त्याचा मोठा दिलासा आहे. पण एका केंद्रात अनेक शाळा येतात. मी तुमच्या मुलाच्या शेजारी रोज बसू शकत नाही, आणि खरं तर बसूही नये.

मी आले की वर्गशिक्षिकेबरोबर बसून मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करते. आराखडा म्हणजे मोठं काही नाही. स्वमग्न मुलासाठी मी लिहिलेल्या गोष्टी अशा असतात: दिवसाचं वेळापत्रक चित्रांत, बाकावर चिकटवलेलं. परिपाठाला स्पीकरपासून लांबची जागा. तोंडी सूचना एका वेळी एकच. गलका असह्य झाला तर ग्रंथालयात पाच मिनिटं बसायची मुभा, आणि त्यासाठी दाखवायचं एक कार्ड, कारण त्या क्षणी शब्द फुटत नाहीत. पाढे येत असतील तर लिहून घ्यायचा हट्ट नाही, टाइप केले तरी चालतील. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

ऐरोलीचा_बाबा

फिरती_शिक्षिका यांच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन.

माझ्या लेकीला जन्मतः ऐकू येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं यंत्र) केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून झालं. ज्यांची बाळं लहान आहेत त्यांनी कृपया वेळ घालवू नका. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी या योजनेत वय एक ते पाच वर्षं धरतात, आणि जितकं लवकर तितकी भाषा चांगली येते. चौकशी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या श्रवण-वाचा दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत करायची. शस्त्रक्रियेनंतरचं वाचा-प्रशिक्षण हे खरं काम, ते दोन-दोन वर्षं चालतं. शस्त्रक्रिया झाली की मूल लगेच बोलायला लागेल असं समजून आलेले पालक मी तिथे निराश होऊन जाताना पाहिलेत.

शाळेबद्दल. अनुदानित मराठी शाळा आहे. पहिल्या दिवशी मी बाईंना तीन गोष्टी सांगितल्या. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, तिला ओठ दिसायला हवेत. तिची जागा पंख्याखाली आणि रस्त्याकडच्या खिडकीशी नको. एखादा मुलगा मागून उत्तर देत असेल तर ते उत्तर तुम्ही परत एकदा मोठ्याने सांगा. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खरोखर पाळलं. गंमत अशी की मागच्या बाकावरची मुलंही म्हणायला लागली, आम्हाला आता जास्त कळतं.

ती पाचवीत आहे. कवितेचं पाठांतर म्हणून दाखवताना र अजून नीट येत नाही, पण म्हणून दाखवते, सगळ्यांसमोर.

पोखरण_दोन

मी वेगळ्या बाजूने लिहितो, कृपया राग मानू नका. माझ्या मुलीच्या वर्गात, चौथीत, एक मुलगा आहे. तो अचानक ओरडतो, कधी शेजारच्याला ढकलतो. बाई एकट्या, पन्नासच्या वर मुलं. तास थांबतो. त्या मुलाबद्दल मला आकस नाही, त्याची आई गेटवर रोज खाली मान घालून उभी असते ते बघवत नाही. पण माझ्या मुलीचं नुकसान होतं हे मी नाकारू कसं? अशा मुलांना विशेष शाळेत जास्त लक्ष मिळणार नाही का?

कासारवडवली_आई

दादा, राग अजिबात नाही. लोक हे आमच्या पाठीमागे बोलतात, तुम्ही समोर विचारलंत.

तास थांबतो हे खरं आहे. पण तो त्या मुलामुळे थांबतो की पन्नास मुलांना एकच बाई आहे म्हणून? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. तुमच्या मुलीचंही नुकसान तो मुलगा येण्याच्या आधीपासून होत होतं. त्याच्या ओरडण्याने ते तुमच्या कानावर आलं.

त्या मुलाला काढलं तर उद्या वर्ग शांत होईल, पण बाई एकट्याच राहतील. तो टिकावा म्हणून विशेष शिक्षक आला, मुलं कमी झाली, वर्गात एक शांत कोपरा झाला, तर ते तुमच्या मुलीलाही मिळेल. म्हणून पालकसभेत आमच्याऐवजी तुम्ही उठून विचारा: या वर्गासाठी विशेष शिक्षक का आलेला नाही, पत्र कधी गेलं? आम्ही विचारलं की ते आमचं गाऱ्हाणं होतं. तुम्ही विचारलंत की शाळेला ते सगळ्या वर्गाचं म्हणून घ्यावं लागतं.

फिरती_शिक्षिका

पोखरण_दोन, विशेष शाळेबद्दल. त्या हव्यातच, काही मुलांना तिथेच बरं वाटतं, काहींना सुरुवातीची काही वर्षं तिथे काढून मग इकडे यायचं असतं. ठाणे महापालिकेची जिद्द शाळा कितीतरी कुटुंबांना आधार आहे. प्रश्न एवढाच की तिथे जायचं हे आई-वडिलांनी ठरवलेलं असावं, गेटवरून परतवलं म्हणून जावं लागू नये.

आणि ढकलण्याबद्दल: मूल बहुतेक वेळा कशाच्या तरी आधी ढकलतं. घंटेच्या आवाजाआधी, डब्याच्या गडबडीत, रांग करताना. आठवडाभर कुणीतरी नोंद ठेवली की ते सापडतं. ही नोंद ठेवायला मला बोलवा, बाईंना वेळ नसतो.

थोरली_बहीण

मी मेंदूचा पक्षाघात असलेल्या भावाची बहीण. तो आता एकोणीसचा आहे, म्हणून आमचा अनुभव जुना, पण लिहायलाच हवा.

त्याची बुद्धी तल्लख. चालता येत नाही, हातांवर ताबा कमी, बोलणं सवयीने कळतं. चौथीपर्यंत तो तळमजल्याच्या वर्गात होता. पाचवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. शाळेने सांगितलं, लिफ्ट नाही, तुम्ही याला घरीच शिकवा, सरकारची घरी शिकवायची योजना आहे. तेव्हापासून तो घरी.

योजना आहे, खरी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात ते आलं: बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय निवडता येतो. निवडायचा आहे तो आपण. पाचवीचा एक वर्ग खाली आणला असता तर संपलं असतं. कुणालाही ते सुचलं नाही, कारण योजनेचं नाव हाताशी होतं. विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा यायच्या, त्यांनी जीव तोडून शिकवलं, त्याने पुढे मुक्त विद्यालयातून दहावी केली. पण त्या सगळ्या वर्षांत त्याच्या वयाचा एकही मुलगा आमच्या घरी आला नाही. क्रिकेटचा प्रत्येक आकडा त्याला पाठ आहे आणि सांगायला आम्ही घरची माणसं.

आत्ता ज्यांची मुलं तिसरी-चौथीत आहेत त्यांनी पुढचा वर्ग कुठल्या मजल्यावर भरतो ते आत्ताच विचारून घ्या. उतार करणार म्हणाले तर प्रमाण एकास बारा लागतं, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. नुसती फळी टाकली की व्हीलचेअर मागे येते. स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे ते टेपने मोजा. मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत ती याच कारणाने, आणि मग आजारी पडतात.

अठराच्या जवळ आलेल्यांसाठी: स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. अठरानंतर पालकत्व लागणार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. आणि निरामय विमा याच चारांसाठी, लहान वयापासून घेता येतो, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा काही खर्चही त्यात मिळतो.

कळव्याची_आजी

बाळांनो, मला टाइप करायला नातू मदत करतोय. माझी नात चार वर्षांची, डाऊन सिंड्रोम आहे. सुनेला नोकरी, दिवसभर माझ्याजवळ असते. अंगणवाडीत पाठवते तर शेजारणी म्हणतात तिथे कशाला, तिला काय कळणार. आणि ते सर्टिफिकेट काढावं की नाही यावर घरात वाद आहे. मुलगा म्हणतो एकदा काढलं की कायमचा शिक्का.

फिरती_शिक्षिका

आजी, अंगणवाडीत बिनधास्त पाठवा. तिथे ती रांगेत बसायला, डबा उघडायला, दुसऱ्याच्या हातातलं न ओढता मागायला शिकेल, आणि डाऊन सिंड्रोमच्या मुली नकलेतून फार छान शिकतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची वेगळी कार्यपद्धती काढली आहे, अशी मुलं ओळखायची, सामावून घ्यायची, पुढे पाठवायची, हे सगळं त्यात आहे. सेविकेला विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासायला येतं, तेव्हा नातीला मुद्दाम दाखवा. हृदय आणि कान दोन्ही तपासायला सांगा, डाऊनमध्ये दोन्हींच्या तक्रारी असतात.

प्रमाणपत्राबद्दल. शाळेत किंवा अंगणवाडीत नाव घालायला ते लागत नाही, त्याविना परत पाठवता येत नाही. पण कलम ३१ चा अठरा वर्षांपर्यंतचा हक्क, खाजगी शाळांतल्या शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांतून प्रवेश, विमा, प्रवास सवलत, परीक्षेतल्या सवलती या सगळ्यांना ते लागतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. लहान मुलांचं बहुधा तात्पुरतं देतात, त्यावर फेरतपासणीची तारीख असते. तुमच्या मुलाला सांगा, हे दिव्यांगत्वाचं कार्ड कपाटात ठेवायचं आणि गरजेला काढायचं. ते कुणाला दाखवायचं हे आपल्या हातात आहे.

घणसोली_ते_वाशी

आजी, नवी मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्यासाठी: नवी मुंबई महापालिकेचं वाशीचं ईटीसी केंद्र. लहान मुलांसाठी लवकरचा हस्तक्षेप, थेरपी, विशेष शिक्षण, पालकांचं प्रशिक्षण, सगळं एका ठिकाणी. एखादी महापालिका मनात आणलं तर काय करू शकते याचं हे चांगलं उदाहरण आहे, आणि मुंबई महानगर प्रदेशातल्या प्रत्येक महापालिकेने असं केंद्र काढावं असं माझं ठाम मत आहे. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्रही आहे, कळव्याहून ट्रेनने तितकंसं लांब नाही.

निधीचंही लिहितो. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. तुमच्या प्रभागात त्यातून काय झालं ते माहिती अधिकारात विचारा, अर्जाला दहा रुपये. मी विचारलं होतं. उत्तर आल्यावर नगरसेवकांना घेऊन बागेच्या फाटकापाशी उभा राहिलो, तिथे मोटारसायकली शिरू नयेत म्हणून लोखंडी फिरकी बसवली होती. व्हीलचेअर काय, बाबागाडीही जात नव्हती. फिरकीच्या बाजूला रुंद दार झालं.

संकुल_सचिव

बागेचा विषय निघाला म्हणून. मानपाड्याजवळच्या मोठ्या संकुलात सचिव आहे. शाळेइतकंच हेही महत्त्वाचं आहे, मूल संध्याकाळी खाली उतरतं की नाही. कायद्यात सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीसाठी कलम २९ आहे, खेळासाठी कलम ३०. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एका सभासदाने लेखी तक्रार दिली की अमुक मुलाला पोहण्याच्या तलावावर येऊ देऊ नये, बाकीची मुलं घाबरतात. सभेत ती वाचली. मुलाचे वडील उठले आणि म्हणाले, तो पाण्यात असतो तेवढाच वेळ शांत असतो. तक्रार मागे घेतली गेली. आता प्रशिक्षक त्याला वेगळ्या वेळेला नाही, सगळ्यांबरोबरच शिकवतो.

गणपतीत आरतीला डीजे बंद केला, टाळ-मृदंग ठेवले, आणि सकाळची आरती शांत ठेवली. कानांना त्रास होणारी दोन मुलं आणि कितीतरी म्हातारी माणसं सकाळी खाली यायला लागली.

अक्षरांची_आई

थोडक्यात, अध्ययन अक्षमतेबद्दल. माझ्या मुलाला वाचता येत नव्हतं आणि त्याला आळशी ठरवलं गेलं होतं. प्रमाणपत्रासाठी आम्ही मुंबईला सायन रुग्णालयात गेलो. दहावी बोर्डात जादा वेळ तासाला वीस मिनिटं, लेखनिक, गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित, या सवलती आहेत. पण दहावीची वाट बघू नका. २०१८ च्या शासन निर्णयाने पहिलीपासूनच्या परीक्षांना सवलती लागू आहेत. शाळेला निर्णयाची प्रत दाखवली तेव्हा त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली.

प्राप्तिकर भरणाऱ्यांनी जुनी करप्रणाली निवडली असेल तर ८०डीडी खाली ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाख.

ऐरोलीचा_बाबा

एक आकडा इथे ठेवतो. २०११ च्या जनगणनेत ५ ते १९ वयाच्या दिव्यांग मुलांपैकी ६१ टक्के शिकत होती आणि २७ टक्के कधीच कुठल्या शाळेत गेली नव्हती. पोखरण_दोन, गेटवर जी आई खाली मान घालून उभी असते, तिने मुलाला इथवर आणलं आहे. तिच्याशी बोला एकदा.

पोखरण_दोन

बोललो. काल. तिला वाटलं मी तक्रार करायला आलोय. मग बराच वेळ बोललो. शनिवारच्या पालकसभेत विशेष शिक्षकाचा विषय मी मांडतो आहे, आणखी काही पालक सह्या करायला तयार आहेत. शाळा अनुदानित आहे, त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीतही घेता येईल असं दिसतं.

कासारवडवली_आई

दादा, खूप खूप आभार. वाचून डोळे भरून आले.

आमचंही ठरलंय. घराजवळच्या पालिकेच्या शाळेत मुलाचं नाव घातलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आम्हाला सवय नाही, पण घेऊ. शॅडो टीचरचा शब्दही काढला नाही त्यांनी. त्यांना द्यायचा अर्ज लिहिलाय, इतरांना उपयोगी पडेल म्हणून इथे टाकते. सुधारणा सुचवा.

"प्रति, मा. मुख्याध्यापिका. विषय: माझ्या मुलास वर्गात आवश्यक आधार मिळण्याबाबत. महोदया, माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता दुसरीत शिकत आहे. त्यास स्वमग्नता असून प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ व ३१ नुसार विनंती की (१) त्याची यू-डायसवर योग्य नोंद करावी, (२) समग्र शिक्षा अंतर्गत विशेष शिक्षकांची भेट मागवावी, (३) वर्गशिक्षिका, विशेष शिक्षक व आम्ही पालक मिळून त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करावा, (४) प्रवास व मदतनीस भत्त्यासाठी त्याचे नाव पाठवावे. घरी त्याला काय उपयोगी पडते याची टिपणे आम्ही सोबत देत आहोत. आपली विश्वासू."

फिरती_शिक्षिका

छान झालाय. तीन बदल करा. आराखड्याला तारीख मागा, "जुलैअखेरपर्यंत" असं लिहा, नाहीतर तो दिवाळीनंतर होतो. एक प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला आणि एक शहर साधन केंद्राला द्या, आमची भेट तिथून ठरते. आणि तुमच्या प्रतीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. पुढे कधी दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पुण्याला जावं लागलं तर पहिला कागद तोच मागतात.

टिपणांमध्ये त्याला काय आवडतं तेही लिहा. वर्गशिक्षिकेला पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.